मदत हवी आहे: इजिप्तचा अध्यक्ष नासेर याचं पाठबळ असूनही येमेनमधली फ्लॉसी ही संघटना का हरली?
मंडळी, येमेनच्या इतिहासात एका जागी अडकलोय. १९६२ मध्ये उत्तर येमेनची राजधानी साना इथे इमामाची (तिथल्या धार्मिक राजाची) गादी उलथली. प्रजासत्ताकाच्या मदतीला नासेरचं सैन्य, इमामामागे सौदी. इथवर समजलं. पण दक्षिणेत, ब्रिटिशांच्या ताब्यातल्या एडन बंदरात, ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या दोन संघटना, एनएलएफ (नॅशनल लिबरेशन फ्रंट) आणि फ्लॉसी (फ्रंट फॉर द लिबरेशन ऑफ ऑक्युपाइड साउथ येमेन), आपसातच भिडल्या. इजिप्त फ्लॉसीच्या बाजूने, तरी नोव्हेंबर १९६७ मध्ये ब्रिटिश गेले तेव्हा सत्ता एनएलएफकडे! जूनमध्ये इस्रायलविरुद्धच्या युद्धात नासेर हरला म्हणून, की ग्रामीण भाग आणि स्थानिक सैन्य एनएलएफकडे वळलं म्हणून? मला दुसरं जास्त पटतं. कोणी यावर नीट वाचलंय का?

शिवाय एडन १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याच्या कारभारात होतं (शाळेत कुणी सांगितलं नाही हे!). तिथली जुनी कागदपत्रं मुंबईच्या पुराभिलेखागारात बघायची तर परवानगी कशी मिळते?