शब्दचर्चा : पाखरांवर ‘सत्ता चालवणे’ की पाखरं ‘राखणे’?

रविवारी मुलांच्या वर्गात बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय घेतला होता. २८व्या ओवीत देव माणसाला सांगतो, समुद्रातले मासे, आकाशातले पक्षी यांच्यावर ‘सत्ता चालवा’. तिसरीतल्या एका पोराने लगेच विचारलं, “सर, कावळ्यावर सत्ता कशी चालवायची? तो तर माझी पोळी पळवतो.” वर्ग हसला, मीही हसलो, पण उत्तर काही सुचलं नाही. ‘सत्ता’ म्हटलं की आपल्याला खुर्ची आणि मंत्रालय दिसतं. अधिकार, प्रभुत्व, हुकमत, कारभार यांतलं काही बसेल का? की वेगळाच शब्द हवा? जाणकारांनी सांगावं.

*

सर, मूळ हिब्रू क्रियापद ‘रादा’. त्याचा अर्थ राज्य करणे, ताब्यात ठेवणे. उगाच गोड करू नये. पण त्यात जुलूम गृहीत आहे असंही नाही. बायबलच्याच ‘लेवीय’ पुस्तकात २५:४३मध्ये (अध्याय २५, ओवी ४३) गरिबीने विकल्या गेलेल्या भावावर कठोरपणे ‘रादा’ करू नको, असं सांगितलंय. यहेज्केल ३४:४मध्ये मेंढपाळांना बोल लावलाय, तोही हेच क्रियापद वापरून, आणि तिथेही कठोरपणा वेगळ्या शब्दाने सांगावा लागलाय. म्हणजे शब्द सत्तेचाच. ती कशी चालवायची ते बाजूचे शब्द सांगतात.

आणखी एक. पुढच्याच ओवीत माणसाला अन्न म्हणून धान्य आणि फळं दिलीत. मांसाची परवानगी येते ती जलप्रलयानंतर, उत्पत्ती ९:३मध्ये, आणि पाखरांना माणसाचा धाक वाटेल हे वाक्यही तिथलंच. तेव्हा पहिल्या अध्यायातली सत्ता ही ताटातली सत्ता नव्हे.

*

‘कारभारी’ सुचवणार होतो, पण अडचण आहे. मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, हा शब्द लूकच्या १६व्या अध्यायातल्या लबाड कारभाऱ्यासाठी येतो, आणि पौलाच्या पत्रात देवाच्या रहस्यांच्या कारभाऱ्यांसाठी. जनावरं-पाखरांच्या बाबतीत तो मला तरी आढळलेला नाही. हल्ली पर्यावरणावरच्या भाषणांत ‘विश्वस्त’ म्हणतात. मला त्याला ट्रस्टच्या फायलीचा वास येतो.

जाता जाता : दानीएल २:३८मध्ये आकाशातली पाखरं नबुखद्नेस्सर राजाच्या हाती दिल्याचं म्हटलंय. दोनच अध्याय पुढे तोच राजा रानात गवत खातोय, केस गरुडाच्या पिसांसारखे, नखं पाखराच्या नखांसारखी. सत्ता कुणाची नि कुणावर!

*

दादा, शब्द उत्पत्तीच्या दुसऱ्याच अध्यायात आहे की. २:१५मध्ये माणसाला एदेन बागेत ठेवलं ते तिची ‘मशागत व राखण’ करायला. राखण! यापेक्षा मातीतला शब्द कुठला?

पण गंमत बघा. माझं माहेर सोलापूरकडचं. ज्वारी हुरड्यात आली की आजी आम्हाला पहाटे माळ्यावर चढवायची. हातात गोफण, शेजारी खड्यांचा ढीग, आणि पत्र्याचा डबा बडवत ‘हाऽऽ हुर्र’ करत बसायचं. कुणी विचारलं, पोरं कुठं गेली? तर आजी म्हणायची, “पाखरं राखायला.” म्हणजे आमच्याकडे पाखरं राखणे म्हणजे पाखरांना सांभाळणे नव्हेच, त्यांच्यापासून पीक सांभाळणे! तेव्हा बाग राखा म्हटलं तर ठीक, पाखरं राखा म्हटलं तर आमच्या गावची पोरं गोफण शोधतील.

आणि या अर्थाचं पाखरं राखणंही शास्त्रात आहे. अब्राम यज्ञाच्या तुकड्यांवर झडप घालणारे पक्षी हाकलतो (उत्पत्ती १५:११). शौल राजाची उपपत्नी रिस्पा तर खडकावर गोणपाट अंथरून, हंगामाच्या आरंभापासून पाऊस पडेपर्यंत, मारल्या गेलेल्या मुलांच्या प्रेतांवर दिवसा पाखरू बसू देत नाही (२ शमुवेल २१:१०). ती ओवी मी कधीच सलग वाचू शकत नाही.

*

ताईंचा मुद्दा पटला. पण नुसत्या शब्दापेक्षा नियम बघितला तर जास्त कळतं. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात २२:६-७ : वाटेत झाडावर किंवा जमिनीवर घरटं दिसलं, आई पिल्लांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर आईला पिल्लांसकट धरू नको. तिला सोड, पिल्लं घे. म्हणजे तुझं बरं होईल आणि तू दीर्घायू होशील. आईबापांचा मान राख या आज्ञेला जे आश्वासन जोडलंय, तेच इथे, एका घरट्याला.

यात माणसाचा हक्क नाकारलेला नाही, पिल्लं तो घेतोच. मात्र आई घेतली तर पुढच्या मोसमात घरटंच नाही. यहुदी पंडितांनी यावर खूप खल केला. मिश्नात, म्हणजे यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहात, म्हटलंय की घरात पाळलेल्या कोंबडीला हा नियम लागू नाही; तीच कोंबडी बागेत जाऊन अंड्यावर बसली तर लागू. म्हणजे प्रश्न जातीचा नाही, ती तुझ्या दारची आहे की मोकळी, याचा आहे. बाराव्या शतकातल्या मैमोनिदेस या यहुदी पंडिताने कारण दिलं की पिल्लं डोळ्यांदेखत नेली तर आईला दुःख होतं. पण त्याच मिश्नात हेही आहे की, ‘देवा, तुझी दया पाखराच्या घरट्यापर्यंत पोचते’ अशी कुणी प्रार्थना करू लागला तर त्याला गप्प करावं! का, यावर तालमुदात, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात, पुन्हा वाद.

तर माझं मत : १:२८मध्ये ‘सत्ता’च राहू द्या. पोरांना ते घरटं दाखवा.

*

सगळ्यांचे आभार. घरटं घेतो पुढच्या रविवारी. पण ताईंमुळे आणखी एक किडा वळवळला. स्तोत्र ९१:४मध्ये देव आपल्यावर ‘पाखर घालील’ असं आहे. ही ‘मायेची पाखर’मधली पाखर. ती आणि पाखरू एकाच मुळातले का?

*

ती पाखर स्त्रीलिंगी एकवचनी, ‘पाखरू’चं अनेकवचन नव्हे. हत्तीघोड्यांच्या अंगावरच्या संरक्षक झुलीलाही पाखर म्हणतात. पण त्याच ओवीत लगेच पुढे ‘त्याच्या पंखांखाली’ आहे, त्यामुळे वाचताना मला तरी कोंबडीच दिसते, अंग फुगवून बसलेली. पोळी पळवणाऱ्या कावळ्याचं मात्र अजून कुणीच काही सांगितलं नाही.