नुसत्या दाबाने पेट्रोल होत नाही

वर एकांनी लिहिलंय की कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोजन जोरात दाबले की द्रव इंधन मिळतं. तसं नाही हो. दाब लागतो हे खरं, पण सगळी करामत उत्प्रेरकाची, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थाची आहे. फिशर आणि ट्रॉप्श या रसायनशास्त्रज्ञांनी १९२०च्या दशकात जर्मनीत म्युलहाइमला हीच वाट शोधली.

लोखंडाच्या किंवा कोबाल्टच्या पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साईडचा रेणू चिकटतो, त्यातला कार्बन-ऑक्सिजन बंध तुटतो. कोबाल्टवर ऑक्सिजन बहुतेक पाणी होऊनच निघून जातो. उरलेला कार्बन हायड्रोजन घेतो आणि शेजारच्या तुकड्याला जोडला जातो. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. दर पायरीला कार्बनच्या या साखळीपुढे दोनच वाटा: आणखी एक कार्बन घ्यायचा, नाहीतर पृष्ठभाग सोडायचा. म्हणून नेमकं डिझेलच असं कधी मिळत नाही, एका कार्बनच्या मिथेनपासून लांब साखळ्यांच्या मेणापर्यंत सगळी सरमिसळ येते. मला विचाराल तर आधी मुद्दाम लांब साखळ्यांचं मेण बनवायचं आणि मग हायड्रोजनच्या साथीने ते हवं तसं तोडायचं, हाच मार्ग सरस.

(तांबं-जस्ताचा उत्प्रेरक घेतला तर तो कार्बन-ऑक्सिजन बंध तुटतच नाही आणि मेथॅनॉल मिळतं. किती सुंदर फरक आहे हा!)

खरी डोकेदुखी उष्णतेची. कोबाल्टवर साधारण २०० ते २४० अंश सेल्सिअसला काम चालतं. अभिक्रियेतून निघणारी उष्णता वेळेत काढली नाही, तर मिथेनच वाढत जातो. शिवाय वायूत गंधकाचा अंश जरी राहिला तरी उत्प्रेरक मरतो.