एका माणसाने जमवलेलं कसं बघावं? नाशिककरांचा अनुभव धागा

कुणा एकाच्या नादातून उभं राहिलेलं संग्रहालय पाठ्यपुस्तकासारखं काळाच्या क्रमाने लागत नाही. अडकित्त्याशेजारी दौत, दौतीशेजारी वीणा. तासाभरात डोकं गरगरतं आणि बाहेर आल्यावर एकही वस्तू धड आठवत नाही. नाशिकहून अशी ठिकाणं बघताना काय न्यावं, कुठे थांबावं, काय चुकतं ते इथे लिहा. प्रवासवर्णन नको, पुढच्या माणसाला उपयोगी पडेल असं लिहा.

नाणीवाला, पंचवटी

सुरुवात घराजवळून करा. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला १९८० साली स्थापन झालेली नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिचं संग्रहालय आपल्याकडे 'अंजनेरीचं नाणी संग्रहालय' म्हणून ओळखलं जातं. परमेश्वरीलाल गुप्त तिचे पहिले संचालक. त्र्यंबकची बस पकडायची आणि अंजनेरीला उतरायचं. संस्था मुळात संशोधनाची आहे, त्यामुळे फोन करून जा.

दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि छोटी टॉर्च सोबत हवी. भिंग काचेला नाही, डोळ्याला चिकटवायचं आणि मान पुढे न्यायची. काच आड आल्याने अंतर जुळत नसेल तर पाचपटीचं घ्या. टॉर्च लावण्याआधी विचारा आणि उजेड तिरका पाडा. समोरून उजेड पाडला की उठाव सपाट दिसतो.

बघायचं काय? सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला १९०६ साली तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. ती क्षत्रप राजा नहपानाची, पण त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा छाप मारलेली आहे. अशा जातीचं नाणं कुठेही दिसलं की आधी तीन कमानींचा डोंगर शोधा, तो सातकर्णीचा. मग त्याच्याखाली नहपानाचं नाक, ओठ किंवा केसांची रेघ दिसते का बघा. हे घडतं कारण जुनं नाणं वितळवलं नव्हतं, तापवून त्यावरच ठसा ठोकला होता. घाव हलका बसला तिथे जुनी छाप उरली. नवख्याला हे नाणं 'खराब' वाटतं आणि तो पुढे सरकतो. खरं म्हणजे सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा.

जाण्याआधी पांडवलेणीचं १० क्रमांकाचं लेणं बघून या. तिथल्या उषवदाताच्या (नहपानाचा जावई) लेखात ३५ कार्षापणांना, म्हणजे चांदीच्या नाण्यांना, एक सुवर्ण, म्हणजे सोन्याचं नाणं, हा दर कोरलेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा विनिमय दर बसच्या टप्प्यात आहे आणि आपण तिथे नुसते फोटो काढून येतो!

मराठेशाहीतल्या रुपयांवर 'गुलशनाबाद' शोधा, ती नाशिकची टांकसाळ. नाव अर्धंच दिसेल, कारण ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान. पूर्ण मजकूर एकाच नाण्यावर क्वचित मिळतो, दोन-तीन नाणी शेजारी ठेवून तो जुळवावा लागतो.

तांब्या-पितळेच्या धंद्यातला, भांडी बाजार

नाणीवाल्या दादांचं पटलं, पण आमचं तीर्थक्षेत्र पुण्यात आहे. राजा दिनकर केळकर संग्रहालय, बाजीराव रस्ता. दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमारास जमवायला सुरुवात केली. नाव ठेवलं ते लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं. एकूण वस्तू वीस हजारांच्या वर, मांडलेल्या अडीच हजारांच्या आसपास. म्हणजे एका वस्तूला अर्धा मिनिट दिलं तरी वीस तास झाले. म्हणून तीनच प्रकार निवडा. आम्ही मंडळी दिवे, अडकित्ते आणि वज्री (पाय घासायच्या) घेतो, बाकी सगळं जाता जाता.

ओतीव की ठोकीव, हे आधी ठरवा. ठोकीव भांड्यावर हातोडीचे बारीक पैलू तिरक्या नजरेने दिसतात आणि काठ बहुतेक वळवलेला असतो. ओतीव वस्तू त्याच मापाची असूनही जाड भासते आणि कोपऱ्यात, नक्षीच्या खोबणीत मातीच्या साच्याचा खरखरीतपणा राहतो. जुन्या लोट्याच्या पोटाला दातेरी रेघ दिसली तर तो दोन तुकड्यांचा सांधा. एका पत्र्याचे दात दुसऱ्यात अडकवून वर पितळेचंच डाखण, म्हणजे वितळवून भरलेला जोड, दिलेलं असतं. रेघ तडा म्हणून सोडून देऊ नका, कारागिराचा हात तिथेच दिसतो.

दिव्यावर पक्षी बसलेला असेल तर तो निव्वळ शोभेचा आहे का, ते बघा. काही दिव्यांत पक्ष्याचं पोट म्हणजे तेलाची बंद टाकी असते. खालच्या पणतीतलं तेल उतरून पोटातून येणाऱ्या नळीचं तोंड उघडं पडलं की आत हवा शिरते, तेवढंच तेल खाली येतं आणि तोंड पुन्हा बुडून धार थांबते. टाकीला वरून छिद्र पडलं की सगळं तेल एकदम वाहून जातं. तोंड खाली आणि टाकी वर, हे नातं बाहेरून दिसतं.

अडकित्त्यात नक्षीपेक्षा खिळा बघा. पातं आणि खालची बैठक यांचा सांधा सैल असेल तर सुपारी कापली न जाता चेपली जाते. वापरलेल्या अडकित्त्याची झीज पात्याच्या मुळाशी असते, निव्वळ भेटीसाठी केलेल्याची धार सगळीकडे सारखी.

आणि हे बघून घरी आलात की आजीचा तांब्या चिंचेने घासायला घेऊ नका. आंबट लावलं की वरचा जुना थर आणि बारीक कोरीव रेघ दोन्ही जातात. रोज पाण्याला वापरता ते घासा, जपायचं असेल ते कोरड्या सुती कापडानेच पुसा. हिरवट पूड धरली असेल तर ते दमटपणा आणि क्षार यांचं काम. तो तुकडा आधी वेगळा ठेवा.

पुणे नाशिकहून साधारण दोनशे दहा किलोमीटर, चाकणच्या कोंडीसह पाच तास धरा. पायऱ्या आहेत, ज्येष्ठांना आधी सांगून ठेवा.

पंचवटी एक्स्प्रेसवाली, नाशिकरोड

मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सरकारी समजतात. ते विश्वस्त मंडळ चालवतं आणि १९२२ पासून लोकांसाठी खुलं आहे. त्यात खासगी संग्रह पोटात घेतलेले आहेत. शेठ पुरुषोत्तम मावजींचा १९१५ मध्ये आला, पुढे सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटांचे. म्हणून लेबलवर शेवटची ओळ, देणगीदाराचं नाव, आधी वाचा. चार दालनं फिरलात की कुणाला काय आवडायचं ते कळायला लागतं, आणि मग चिनी फुलदाण्यांशेजारी युरोपीय चित्रं का, हा प्रश्न उरत नाही.

सकाळच्या पंचवटीने निघा, पासधारकांचे डबे वेगळे असतात तेवढं सांभाळा. सीएसएमटीहून हुतात्मा चौकातून चालत अर्धा तास. लघुचित्रं सगळ्यात आधी, डोळे ताजे असताना. दालनात अंधार वाटतो, पाच मिनिटं थांबलं की नजर बसते. परतीची पंचवटी सव्वासहाची, तेव्हा पाचनंतर नवं दालन सुरू करू नका.

पैठणीवाली, येवला

ताईंच्या अंधाराबद्दल एवढंच. कापड आणि जलरंग यांवर साधारण ५० लक्स, म्हणजे मंदच, उजेड ठेवतात, कारण उडालेला रंग परत येत नाही. फ्लॅश नकोच. काचेतला फोटो हवा असेल तर गडद कपडे घाला आणि लेन्स काचेजवळ नेऊन हाताने आडोसा करा. पांढरा सदरा घालून गेलात तर फोटोत तुम्हीच दिसाल. जुन्या पैठणीचा पदर उलट्या बाजूनेही बघायला मिळाला तर नशीब. हातमागावर नक्षी दोन्हीकडून सारखी येते, मागे मोकळे धागे लोंबत नाहीत.

शाळेतला माणूस, सिडको

चाळीस मुलं एका दालनात सोडली की पुढची दहाच बघतात. दहा-दहाचे चार गट करा आणि प्रत्येकाची सुरुवात वेगळ्या दालनातून. एका पानावर पाचच वस्तू द्या आणि 'हे कसं चालत असेल' एवढाच प्रश्न. नाव, साल विचारलंत की मुलं मान खाली घालून लेबल उतरवतात. पेन नको, पेन्सिल. दीड तासापुढे ताणू नका, आणि डबा आधी खाऊ घाला.