अनुभव धागा: भाडेकरू, घरमालक आणि माणुसकी

गोदाकाठ: समोरच्या बिल्डिंगमधल्या कुटुंबाला घर खाली करायला सांगितलंय. कारण नाशिकचा २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा! यात्रेकरूंना रोजच्या भाड्याने दिलं की जास्त सुटतात म्हणे. त्यांची मुलगी दहावीला आहे. मला आमचे पंचवटीतले मालक आजोबा आठवले. २०१५ च्या कुंभात त्यांच्याकडेही माणसं चौकशीला यायची. आजोबा ओट्यावरूनच सांगायचे, "बारा वर्षांनी येणाऱ्यासाठी रोजच्या माणसाला उठवू का?" तुमचे अनुभव लिहा, मालक असाल तरी लिहा.

रुपाली_पाफा: डिपॉझिट!! अजून डोकं फिरतं. सोडताना मालकाने भिंतीवर बोट ठेवून ठेवून दाखवलं, हा खिळा, हा तेलाचा डाग. रंगकामाचे म्हणून निम्म्याहून जास्त कापले. नंतर तिथे राहायला आलेली ताई भाजीबाजारात भेटली. खिळा जागेवरच होता, तिने त्याला कॅलेंडर लावलंय.

सातपूरकर: आम्हा कंपनीतल्या पोरांना कोण घर देतंय? एजंटचा पहिला प्रश्न आडनाव. मग "सोसायटीत बॅचलर चालत नाहीत". मित्राला तर चावी हातात देऊन, आडनाव कळल्यावर परत मागितली. पगाराची स्लिप कुणी बघितलीच नाही. डिपॉझिट जाणं परवडलं, हे नाही सहन होत.

मनीषा इंदिरानगर: वाचून वाईट वाटलं रे. मी मालकीण आहे. फ्लॅटचा हप्ता चालू आणि भाडेकरूने भाडं थकवलेलं, फोन उचलेना. सगळे म्हणाले पाणी तोड. घरात तान्हं बाळ, कसं तोडायचं? डिपॉझिटमधून वळतं केलं, उरलेलं हप्त्याने घेतलं.

वकीलसाहेब नाहीत_हे घरातले: करार नोंदवाच. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, कलम ५५. नोंदणीची जबाबदारी मालकाची. केली नाही तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरतात. आणि सोसायटी भाडेकरू ठेवल्याचे चार्जेस सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेऊ शकत नाही. कुकर झालाय, नंतर येते.

कारंजावाली: आमचा वाडा, आम्ही तिथले जुने भाडेकरू. पावसाळ्यात माळवदाखाली पातेली लावून झोपतो. मालक म्हणतात, एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती कशी करू? त्यांचंही खोटं नाही. कायद्याने वाढ वर्षाला ४ टक्के, मुळात भाडंच किरकोळ. पण भिंत पडली तर खाली आम्हीच ना.

रुपाली_पाफा: अगं पावसाळ्यापुरती तरी कुठे सोय बघ! मुलांना तिथे झोपवू नकोस.

सातपूरकर: मनीषाताई, जागा रिकामी आहे का? आम्ही तिघं आहोत.

मनीषा इंदिरानगर: पुढच्या महिन्यात होतेय. व्यनि (खाजगी निरोप) कर. लिफ्ट नाही आणि पाणी फक्त सकाळी, हे आधीच सांगते. करार नोंदवून, भिंतींचे फोटो दोघांनी काढून ठेवायचे.