रस्त्याच्या ठरावात लोकसंख्या कोणती लिहावी: गावाची की पाड्याची?

पाड्यावरचा मास्तर:
मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर मी शिक्षक आहे. २०११ च्या जनगणनेत आमच्या महसुली गावाची लोकसंख्या हजाराच्या वर असून सुविधांच्या तक्त्यात गावात बससेवा असल्याची नोंद आहे. एसटी येते हे खरे, पण ती गावठाणात थांबते. आमचा पाडा तिथून चार किलोमीटर आत आहे आणि वाटेत ओहोळ लागतो. गेल्या श्रावणात एका बाळंतिणीला बांबूला घोंगडी बांधून, चौघांनी खांदे पालटत डांबरी रस्त्यापर्यंत आणले. आता ग्रामसभेत रस्त्याचा ठराव मांडायचा आहे. त्यात कोणता आकडा लिहावा?

आकडेमोड:
पाड्याचाच लिहा. जनगणनेच्या ग्रामनिर्देशिकेचे, म्हणजे तुम्ही म्हणता त्या सुविधांच्या तक्त्याचे, एकक महसुली गाव असल्यामुळे गावठाणात एसटी आली की सगळ्या पाड्यांना ती मिळाली असे धरले जाते. सुविधा गावात नसेल तरच जवळच्या ठिकाणाचे अंतर पाचच्या आत, पाच ते दहा किंवा दहा किलोमीटरांहून अधिक, अशा ढोबळ गटांत दिलेले असते; पाड्यावरून चालत कापायची वाट त्यात कुठेच मोजली जात नाही. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत मात्र एकक आहे वस्ती, म्हणजे तुमच्या पाड्यासारखी. रस्ता मिळण्याचा तिचा निकष सपाट प्रदेशात किमान ५०० लोकसंख्येचा, तर तुमच्यासारख्या अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात २५० चा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यासाठीही २०११ चीच लोकसंख्या आधारभूत धरलेली आहे. जाता जाता एक सांगतो: मोखाड्याची २०११ ची जनगणना पुस्तिका ठाणे जिल्ह्याच्या नावाने शोधावी लागेल, कारण पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला.

नागलीची भाकर:
खरी मेख त्या २०११ च्या आकड्यातच आहे. २०११ ची प्रत्यक्ष गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, आणि आमच्या भागातील कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. गणनेच्या संपूर्ण काळात जो घरी नसतो त्याची नोंद तो जिथे आढळेल तिथे होते. म्हणजे आषाढात तीनशे माणसांचा असलेला पाडा फेब्रुवारीत दोनशेचा भरू शकतो आणि २५० च्या निकषाखाली घसरतो. जे रोजगारासाठी बाहेर पडतात, नेमकी त्यांचीच गैरहजेरी त्यांच्या रस्त्याच्या आड येते. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीखही १ मार्च २०२७ अशीच ठरली आहे, त्यामुळे हा प्रश्न आपोआप सुटेल असे मला वाटत नाही.

पाड्यावरचा मास्तर:
हे अगदी पटले. हजेरीपटावर जूनमध्ये असलेली मुले जानेवारीत निम्मीही वर्गात नसतात. आमच्याकडे वारली आणि कातकरी अशी मिश्र वस्ती आहे. कातकऱ्यांची घरे थोडी खालच्या अंगाला, वेगळी आहेत.

आकडेमोड:
मग ती वस्ती स्वतंत्रपणे दाखवता येते का, हे आधी पाहा. कातकरी हा विशेष असुरक्षित आदिवासी समूह असल्यामुळे नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात अशा समूहांच्या १०० लोकसंख्येच्या वस्तीलाही रस्ता मिळू शकतो. ठरावात पाड्याचा जनगणनेचा आकडा तसाच ठेवा, तो बदलण्याचा अधिकार ग्रामसभेला नाही. मात्र त्याच्या शेजारी पावसाळ्यात केलेली कुटुंबनिहाय यादी जोडा आणि स्थलांतराचे महिने स्पष्ट लिहा. अंतर नकाशावर सरळ रेषेत न मोजता पायवाटेने मोजा.

पाड्यावरचा मास्तर:
आवणी (भातलावणी) उरकली की सगळे घरी सापडतात, तेव्हाच यादी करतो. वाट मोजायला सातवीची दोन मुले बरोबर घेईन. ओहोळावर पाणी कुठवर चढते ते दगडावरच्या खुणांवरून त्यांना माझ्यापेक्षा नेमके ठाऊक आहे.