मोबाईलवरच्या मिस्सेने आईचा रविवार साजरा होतो का?

जेलरोडकर
मार्च २०२० मध्ये चर्चची दारं बंद झाली तेव्हा आईला मोबाईलवर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लावून देणारा मीच. आज त्याच गोष्टीवरून धाकट्या भावाशी माझं धड बोलणं होत नाही, म्हणून इथे विचारतोय.

आई ७३ वर्षांची, नाशिकरोडला एकटी. मी ठाण्यात, भाऊ पुण्यात. तिचे गुडघे दुखतात, पण बाजारात जाते, मेथीच्या जुडीवरून घासाघीस करते. चर्च रिक्षाने पाच मिनिटांवर. तरी रविवारी मोबाईलच. तांब्याला टेकवून ठेवायचा, बाजूला मेणबत्ती, डोक्यावर पदर. पहिल्या वर्षी ख्रिस्तप्रसादाच्या (पवित्र भाकर देण्याच्या) वेळी गुडघे टेकायची. गेल्या महिन्यात पाहिलं तर त्याच वेळी मेथी निवडत होती. 'एकमेकांना शांतीची खूण द्या' असं फादर म्हणाले, तर तिने मोबाईलला हात जोडले. मी शेजारी बसलेलो, माझ्याकडे वळलीसुद्धा नाही.

माझं म्हणणं असं, की त्या काळात आम्हाला मिस्सेच्या व्हिडिओने तारलं नाही, रात्री नऊच्या फोनने तारलं. आई, श्रीरामपूरची मावशी, मामी आणि आम्ही दोघे भाऊ कॉन्फरन्स कॉलवर जपमाळ करायचो. 'नमो मरिया'चा पहिला अर्धा एकाने म्हणायचा, उरलेला बाकीच्यांनी. मावशीचं नेटवर्क असलं की तिचं उत्तर कायम चार शब्द मागे. मामा गेले त्या रात्रीही फोन लागला. जपमाळेचं तिसरं दशक (दहा मण्यांचा तिसरा भाग) मामीचं असायचं. ती काही बोलेना. आम्ही कुणीच तिच्या वतीने सुरू केलं नाही, थांबलो. बऱ्याच वेळाने तिने सुरू केलं.

१६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याला, प्रार्थनास्थळं उघडली आणि महिन्याभरात तो फोन बंद पडला. व्हिडिओ मात्र राहिला. भाऊ म्हणतो, तिला सुखाने बघू दे. मी म्हणतो, बंद करून तिला चर्चला नेऊ.

वडाळानाका
दादा, स्पष्ट बोलते. बाबांना पक्षाघात होऊन चार वर्षं झाली. आठवड्यात तो एकच तास ते पूर्ण जागे असतात. गायन सुरू झालं की उजव्या हाताची बोटं पांघरुणावर ताल धरतात. ही मिस्सा नव्हे म्हणून बंद करू?

२७ मार्च २०२० ला पोप फ्रान्सिस भर पावसात व्हॅटिकनमधल्या संत पेत्राच्या रिकाम्या चौकात उभे होते, ते आपण सगळ्यांनी पडद्यावरच पाहिलं. तो आशीर्वाद टीव्हीवरून, इंटरनेटवरून घेणाऱ्यांनाही मिळेल असं चर्चनेच सांगितलं होतं. आणि मेथीचं म्हणाल तर मागच्या बाकांवर काय काय चालतं ते मी लहानपणापासून बघतेय. मेथी परवडली.

जेलरोडकर
ताई, तुमच्या बाबांबद्दल एक अक्षर बोलणार नाही. आजारी माणसाला रविवारच्या मिस्सेचं बंधन नाहीच. पण आशीर्वाद पडद्यातून येतो, ख्रिस्तप्रसाद येत नाही. पापनिवेदनही फोनवर होत नाही. तुमच्याकडे ख्रिस्तप्रसाद घेऊन कुणी येतं का? फादरच हवेत असं नाही, नेमलेले प्रापंचिकही (धर्मगुरू नसलेले साधे ख्रिस्ती) आणू शकतात. व्हिडिओ आहे म्हणून आपण मागायचंच विसरलो, अशी मला भीती वाटते.

वडाळानाका
सुरुवातीला यायचे. मग त्यांचं येणं थांबलं, आणि मीही पाठपुरावा केला नाही. हे खरं आहे.

द्राक्षबागायतदार
व्हिएतनामचे आर्चबिशप वान थुआन १३ वर्षं कैदेत होते, त्यातली ९ एकांतात. पोटाचं औषध म्हणून मागवलेल्या वाईनचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब तळहातावर घेऊन ते मिस्सा करायचे. श्रद्धा असेल तर एकटा माणूसही टिकतो. तुमच्या आई टिकल्यात, झालं तर.

वडाळानाका
ते धर्मगुरू होते हो! आपल्या आयांना तळहातावर मिस्सा करता येत नाही. नाहीतर नाशिकला वाईनची काय कमी.

राहात्याचा_नातू
आमचे आजोबा गावचे धर्मशिक्षक. पावसाळ्यात रस्ते बंद, फादर दोन-दोन महिने येत नसत. रविवारी आजोबा घंटा वाजवायचे, शास्त्रपाठ वाचायचे, प्रार्थना घ्यायचे. त्याला मिस्सा कुणीच म्हणत नव्हतं, पण कोण आलं नाही ते सगळ्यांना कळायचं. प्रार्थना आटोपली की आजोबा त्याच्या घरी. कधी विचारपूस, कधी शिव्या. जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी असताना नागासाकीकडच्या लपलेल्या ख्रिस्ती लोकांनी धर्मगुरूंशिवाय सुमारे अडीचशे वर्षं काढली, १८६५ मध्ये ओउराच्या चर्चमध्ये येऊन फ्रेंच धर्मगुरूला ओळख दिली. तेही एकेकट्याने जमलं नाही. बाप्तिस्मा देणारा, सणांचे दिवस सांभाळणारा, अशी माणसं गावोगाव ठरलेली होती.

व्हिडिओला तुमची आई आली नाही हे कळत नाही. माझा आक्षेप एवढाच. पण दादा, शांतीच्या वेळी तुम्ही शेजारी होतात ना? मग आधी तुम्हीच का नाही हात जोडलेत?

पुण्यातला
तो धाकटा भाऊ मी. धागा वहिनीने पाठवला.

दादा, आई गुडघ्यांमुळे जात नाही असं तुला वाटतं. चर्चमध्ये डावीकडे तिसऱ्या बाकावर तिच्या शेजारी चाळीस वर्षं कोण बसायचं, आठवतं? बाळ येशूच्या यात्रेला दरवर्षी आपले डबे ज्या करायच्या, त्या काकू. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गेल्या. ७ ऑक्टोबरला चर्च पुन्हा उघडलं, त्यानंतरच्या रविवारी आई गेली होती. त्या जागेवर कुणीतरी पर्स ठेवली होती. आई अर्ध्यातून उठून घरी आली. मला सांगितलं, तुला सांगू नको म्हणाली, कारण तू लगेच रिक्षा घेऊन येशील.

जेलरोडकर
आलोच असतो.

आज नऊला फोन लावतो, उचल. मावशीला मध्ये कसं जोडायचं ते विसरलोय, तू जोड. मामीला मी विचारतो.

वडाळानाका
फोनवरची जपमाळ चालते आणि मोबाईलवरची मिस्सा नाही, हे मला अजून पटलेलं नाही. ते वेगळं भांडू. बाबांच्या ख्रिस्तप्रसादाचं मात्र उद्या फादरांना विचारते.