मदत हवी आहे: बहिणीनं फूड टेक्नॉलॉजी घ्यावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही वरूडकडले, घरी चार एकर संत्रा. लहान बहिणीची बारावी झाली, एमएचटी-सीईटी दिली. तिला बी.टेक. फूड टेक्नॉलॉजीच करायचंय. परभणीचं कॉलेज, नाहीतर नागपूरचं एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी). बाबा म्हणतात, "लोणचं-पापड शिकायले चार वर्षं कायले पाह्यजे?" अन्नसुरक्षा अधिकारी पदाला ही पदवी चालते, हे ऐकून जरा नरमले.

पण खाजगीत कसं? क्वालिटी कंट्रोलमध्ये मुलींना रात्रपाळी लागते का? नवीन प्रॉडक्ट बनवणाऱ्या विभागात जायला एम.टेक. लागतंच का? आंबिया बहाराचा (उन्हाळ्याआधी येणाऱ्या फुलोऱ्याचा) बारीक संत्रा आमच्याकडे मातीमोल जातो, त्याच्या रसाचं काही करायचं तिच्या डोक्यात आहे. कोणी शिकलं असेल तर खरं सांगा, पहिला पगारही.